मुलींना रानाची वाट दाखविणारी ज्यूलिएट लो

शाळेला सुटी लागली म्हणजे मुलगे डोंगर चढावयास जातात, नदींत पोहतात, आणि एखादी रात्र बाहेर काढून आले तरी घरीं त्यांचें कौतुकच होतें. मुलीनें मात्र दिवेलागणीच्या आंत घरीं असलें पाहिजे, हा नेम जगांतील बहुतेक देशांत पुष्कळ काळ चालत आला. या नेमाच्या मुळाशीं असलेल्या काळजीला योग्य उत्तर देऊन ज्या बाईनें हजारों मुलींना उघड्या आभाळाखालीं निर्भयपणें निजावयास शिकविलें, तिचें अल्प चरित्र येथें देत आहों.

ज्यूलिएट गॉर्डन हिचा जन्म अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत सव्हाना या शहरीं ता. ३१ ऑक्टोबर १८६० रोजीं झाला. घरीं तिला लाडानें डेझी म्हणत. ती पाळण्यांत आहे तोंच १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. वडील गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यांत होते, तर आईचें माहेर उत्तरेकडील शिकागोचें. एकाच घरांत दोन पक्षांचें दुःख तिनें बालपणींच पाहिलें. चित्रें काढणें, नकला करणें, जनावरांची शुश्रूषा करणें यांची तिला फार हौस. पुढें तर ती लोहारकाम शिकली आणि तिनें लोखंडी फाटकें स्वतःच्या हातानें घडविलीं.

पंचविशीच्या सुमारास चुकीच्या औषधोपचारानें तिचा एक कान अधू झाला. ता. २१ डिसेंबर १८८६ रोजीं विल्यम लो या धनाढ्य गृहस्थाशीं तिचा विवाह झाला. आपल्याकडील अक्षतांप्रमाणें तिकडेही नवदंपतीवर तांदूळ उधळतात. त्यांतील एक दाणा तिच्या दुसऱ्या कानांत शिरला, आणि तो काढतांना पडद्याला इजा होऊन तोही कान गेला. संसारही सुखाचा झाला नाहीं. मूलबाळ नव्हतें. १९०५ सालीं पति वारले, तेव्हां त्यांनीं आपल्या संपत्तीचा मोठा भाग दुसऱ्याच एका स्त्रीच्या नांवें ठेवल्याचें उघड झालें. ज्यूलिएटबाईंना आपल्या वांट्यासाठीं भांडावें लागलें. वय पंचेचाळीस, कानांनीं अधू, आणि पुढें करावयाचें काय, हें ठाऊक नाहीं, अशा स्थितींत त्या कांहीं वर्षें होत्या.

१९११ सालीं इंग्लंडांत त्यांची सर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याशीं ओळख झाली. या सेनापतींनीं १९०७ सालीं ब्राउन्सी बेटावर मुलांचें शिबिर भरवून बालवीर चळवळीचा पाया घातला होता. १९०९ सालच्या त्यांच्या मेळाव्यांत कांहीं मुली आमंत्रणाशिवायच येऊन उभ्या राहिल्या, आणि १९१० मध्यें त्यांची बहीण अ‍ॅग्नेस हिच्या देखरेखीखालीं मुलींची निराळी संस्था निघाली. ज्यूलिएटबाईंनीं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत सात गरीब मुलींचें पथक काढलें. गांठी मारणें व प्रथमोपचार यांबरोबरच कोंबड्या पाळणें आणि लोकर कातणें हेंही त्यांनीं शिकविलें. कारण या मुलींना पोटासाठीं दूरच्या गिरण्यांत जावें लागूं नये, हा त्यांचा हेतु होता.

मायदेशीं परतून त्यांनीं ता. १२ मार्च १९१२ रोजीं सव्हाना येथें अठरा मुलींचें काम सुरू केलें. त्या वेळीं मुलींनीं मैदानांत बास्केटबॉल खेळणें हेंही लोकांना रुचत नसे, म्हणून भोंवतीं कापडी पडदे लावून खेळ चाले. अशा गांवांत मुलींना रानांत राहावयास नेणें हें केवढें धाडस! परंतु तंबू ठोकणें, चुलवण मांडून अन्न शिजविणें, पोहणें, तारे ओळखणें हें शिक्षण घराच्या भिंतींआड मिळत नाहीं, हें बाईंनीं ओळखलें होतें. रात्रीं शेकोटीभोंवतीं त्या आपल्या पणजीची हकीकत सांगत. त्या पणजीला लहानपणीं सेनेका जमातीच्या लोकांनीं धरून नेलें होतें. ती ऐकतांना मुली श्वास रोखून बसत.

आयांच्या मनांत एकच प्रश्न असे: माझ्या मुलीकडे रात्रीं कोण पाहणार? या प्रश्नाचें उत्तर चांगल्या शिबिरनायिकेंत आहे. पिण्याचें पाणी कोठून घ्यावें, विस्तव कसा विझवावा, पोहणाऱ्या मुलींच्या जोड्या लावून त्यांची मोजदाद कशी ठेवावी, घरच्या आठवणीनें रडणाऱ्या मुलीची समजूत कशी काढावी, हें सर्व तिला आधीं स्वतः शिकावें लागतें. १९२२ सालीं जॉर्जियांतील लुकआउट डोंगरावर ज्यूलिएटबाईंनीं मुलींसाठीं शिबिर उभें केलें. तें आजही भरतें. १९२६ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांत ईडिथ मेसी शिबिर उघडलें, तें मुख्यत्वें नायिकांच्या शिक्षणासाठींच होय. त्याच वर्षीं देशोदेशींच्या प्रतिनिधींची परिषद तेथें भरली.

पैसा कमी पडला तेव्हां बाईंनीं आपला मोत्यांचा हार विकला. देणगी मागतांना कोणी नकार दिला, तर तो ऐकूं आलाच नाहीं असें त्या भासवीत! नवे बूट दाखविण्यासाठीं एकदां त्या भर सभेंत डोक्यावर उभ्या राहिल्या. १९२३ पासून कर्करोगानें ग्रासलें असतांही त्यांनीं काम सोडलें नाहीं. ता. १७ जानेवारी १९२७ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि इच्छेप्रमाणें त्यांस संस्थेच्या गणवेषांत मूठमाती देण्यांत आली. त्या वेळीं दीड लाखाहून अधिक मुली संघांत होत्या. मात्र गोऱ्या व काळ्या मुलींचीं पथकें त्या काळीं बहुधा निराळीं असत, आणि तो भेद मोडावयास त्यांच्या मृत्यूनंतरही पुष्कळ वर्षें लागलीं, हें सांगितल्याविना चरित्र पुरें होत नाहीं.

हिंदुस्थानांत मुलींचें पहिलें गाइड पथक १९११ सालींच जबलपूर येथें निघालें. आणि १९६६ सालीं पुण्यास उघडलेल्या संगम या केंद्रांत देशोदेशींच्या मुली आजही एकत्र राहतात. तरी विद्यार्थिनींनो, उन्हाळ्याची सुटी लागेल तेव्हां तंबूची दोरी ओढून पाहावयास हात पुढें करा. आणि पालकहो, आपली काळजी रास्त आहे. पण ती मुलीला दाराआड ठेवण्यांत न खर्चितां, तिच्याबरोबर जाणारी नायिका शिकून तयार झालेली आहे कीं नाहीं, हें पाहण्यांत खर्चावी.