परक्यांच्या बाजूचा कोशकार

माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जाचा शेवट मी मोठ्या ऐटीत केला होता : 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू.' मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एका गृहस्थांनी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. तिथे 'मीट' नको, 'मीटिंग' हवे, एवढे सांगून ते शेजाऱ्याकडे पाहून हसले. का हवे, ते त्यांनी सांगितले नाही आणि विचारायचे धैर्य मला झाले नाही. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेला मी. 'टु'च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, 'टु गो', 'टु ईट', हे घोकून घोकून पाठ केलेले. मग इथेच हे 'इंग' कुठून उपटले? नोकरी मिळाली नाही, त्याचे दुःख पुढे विरून गेले. ते हसणे मात्र बरीच वर्षे कानात राहिले. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्यांनाच ते येणार, आपल्याला कधीच पुरते येणार नाही, असा त्या हसण्याचा अर्थ मी लावला होता.

तो अर्थ चुकीचा आहे, हे मला एका जाडजूड कोशाने शिकवले. रद्दीच्या दुकानात मिळालेली ती जुनी प्रत, पाठीचा पुठ्ठा सुटलेला. पण संपादकाचे नाव शाबूत होते : ए. एस. हॉर्नबी. आपल्याकडे हजारो घरांत हे नाव फळीवर बसलेले आहे. शब्द पाहायला आपण कोश उघडतो, अर्थ मिळाला की मिटतो. त्या नावामागे कोण माणूस होता, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. मी मात्र करत गेलो, कारण या माणसाचे माझ्यावर ऋण होते.

अल्बर्ट सिडनी हॉर्नबी यांचा जन्म १८९८ साली इंग्लंडातल्या चेस्टर गावी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजीची पदवी घेऊन हा तरुण १९२०च्या दशकात जपानला गेला. क्यूशू बेटावरच्या ओइता या गावी एका वाणिज्य विद्यालयात त्यांना शिकवायचे होते. गेले होते साहित्य शिकवायला. पण समोरच्या मुलांना साहित्याआधी साधे वाक्य हवे होते. वर्गाबाहेर इंग्रजीचा शब्द कानी पडण्याची सोय त्या गावात नव्हती. इंग्लंडातले मूल जे आईच्या कडेवर बसून उचलते, ते इथे पुस्तकातूनच मिळायचे होते; आणि असे पुस्तक कुठेच नव्हते.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ऑक्सफर्डचा महाकोश १९२८ साली पुरा झाला होता. शब्दाचा जन्म, त्याची शतकानुशतकांची वाटचाल, सारे त्यात आहे. पण तो इंग्रजी येणाऱ्यांसाठी रचलेला. अमुक शब्दाभोवती वाक्य कसे बांधायचे, हे इंग्रज माणसाला शिकवावे लागत नाही; म्हणून ते नियम म्हणून कोणी मांडतही नाही. आता आपल्याकडचे पाहा. 'मी त्याला जायला सांगितले' आणि 'मी त्याला जायला सुचवले', ही मराठीत एकाच चालीची वाक्ये. इंग्रजीत 'आय टोल्ड हिम टु गो' बरोबर, 'आय सजेस्टेड हिम टु गो' चूक. 'सजेस्ट'चा अर्थ कोशात पाहून ही चूक टळत नाही. अर्थ ठाऊक असतोच. ठाऊक नसते ती त्या शब्दाची चाल.

या चालींचा, म्हणजे वाक्याच्या साच्यांचा, शोध जपानमध्ये आधीच सुरू झाला होता. जपानच्या शिक्षण खात्याने १९२२ साली हॅरल्ड पामर या भाषातज्ज्ञाला बोलावून घेतले होते आणि पुढच्याच वर्षी त्याच्या देखरेखीखाली टोकियोत इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था उभी राहिली. हॉर्नबी तिच्या कामात ओढले गेले आणि पुढे टोकियोलाच येऊन राहिले. १९३६ साली पामर मायदेशी परतले, तेव्हा संशोधनाची धुरा हॉर्नबींकडे आली. गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कोशाचे काम हाती घेतले. इंग्रजी क्रियापदे ज्या निरनिराळ्या रीतींनी वाक्यात बसतात, त्यांचे त्यांनी २५ साचे केले, त्यांना क्रमांक दिले आणि कोशात क्रियापदांपुढे ते क्रमांक छापले. कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, याच्याही खुणा केल्या. इंग्रजाला यातले काहीच लागत नाही. ओइताच्या मुलाला सगळेच लागते. मलाही लागत होते.

पुढे क्रियापदांबरोबर नामांचे आणि विशेषणांचेही साचे त्यांनी मांडले. त्यातल्या एका साच्यात माझ्या लाल रेघेचे उत्तर होते. नाम, त्यापुढे शब्दयोगी अव्यय आणि त्यापुढे पुन्हा नाम, सर्वनाम किंवा 'इंग' लावलेले धातुसाधित नाम, असा तो साचा. 'देअर इज नो चान्स ऑफ हिज कमिंग' हे वाक्य घ्या. मराठीत आपण म्हणतो, 'त्याच्या येण्याची शक्यता नाही.' 'येणे' हे धातुसाधित नाम. त्याला षष्ठीचा प्रत्यय लागून 'येण्याची'. मागे षष्ठीतले सर्वनाम 'त्याच्या'. आरशात पाहावे तशी उलट्या क्रमाने तीच रचना! 'त्याच्या येण्याला हरकत' म्हणजे 'ऑब्जेक्शन टु हिज कमिंग'. 'समजण्यात अडचण' म्हणजे 'डिफिकल्टी इन अंडरस्टँडिंग'. मात्र 'येण्याचे कारण' म्हणताना इंग्रजी 'ऑफ' सोडून 'फॉर' घेते : 'द रीझन फॉर कमिंग'. आपल्याकडे हरकतीला 'ला' आणि अडचणीला 'त' लागतो, तसे इंग्रजी नामही आपापले अव्यय ठरवून बसलेले असते. ते नामाबरोबरच पाठ करावे, हा यातला धडा.

'लुकिंग फॉरवर्ड टु' याची गाठही इथेच सुटते. त्यातला 'टु' हा 'टु गो'मधला 'टु' नाहीच. तो शब्दयोगी अव्यय आहे. पारख सोपी. त्याच्यापुढे 'इट' हे सर्वनाम ठेवून पाहावे. 'लुकिंग फॉरवर्ड टु इट' चालते ना? मग तिथे नामाची जागा आहे आणि क्रियापदाला त्या जागेवर बसायचे तर 'इंग'चा अंगरखा घालूनच यावे लागेल. एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते. त्या गृहस्थांनी ते सांगितले असते, तर माझी दहा वर्षे वाचली असती.

कोश जवळपास तयार झाला आणि जगात वणवा पेटला. डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरला आणि हॉर्नबी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. पुढच्या वर्षी मायदेशी धाडण्यात आले. आणि त्याच १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने तो कोश छापून बाहेर काढला. शत्रूची भाषा शिकवणारा, शत्रूनेच रचलेला कोश शत्रूच्या राजधानीत छापला जावा, ही घटना मला फार मोलाची वाटते.

पुढची तीन वर्षे हॉर्नबी ब्रिटिश कौन्सिलतर्फे तेहरानला शिकवत होते. लंडनला परतल्यावर १९४६ साली त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी नियतकालिक सुरू केले. १९४८ साली ऑक्सफर्डने जपानमधला तोच कोश विद्यार्थ्यांचा कोश म्हणून पुन्हा छापला आणि १९५२ साली त्याच्या नावात 'अॅडव्हान्स्ड लर्नर्स' हे शब्द आले. १९५४ साली साच्यांवरचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला.

उणीव नव्हती असे नाही. वाचक अर्थ पाहत आणि साच्यांच्या क्रमांकांकडे दुर्लक्ष करत. पंचवीस आकडे लक्षात ठेवणार कोण? हॉर्नबींच्या पश्चात संपादकांनी ते आकडे काढले आणि पुढे साचाच उघड शब्दांत लिहायला सुरुवात केली. पण परक्या माणसाची अडचण हाच कोशाचा विषय आहे, हा मूळ विचार तसाच राहिला.

कोश जगभर खपला, तसा पैसाही आला. त्याचा मोठा वाटा बाजूला काढून हॉर्नबींनी १९६१ साली एक न्यास स्थापन केला. परदेशांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना ब्रिटनमध्ये येऊन शिकता यावे, यासाठी तो पैसा होता. ज्यांच्या अडचणींतून कोश जन्मला, त्यांच्याच शिक्षकांकडे कोशाची कमाई परत गेली. १९७८ साली लंडनमध्ये ते वारले.

आता शेजारपाजारची मुले अर्ज दाखवायला येतात. शेवटची ओळ बहुधा तीच असते आणि चूकही तीच. मी लाल पेन्सिल वापरत नाही. 'टु'पुढे 'इट' ठेवून बघ, एवढे सांगतो आणि गप्प बसतो. क्षणभराने मूल स्वतःच 'मीट' खोडून 'मीटिंग' लिहिते. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते, ते पाहिले की माझ्या कानातले जुने हसणे हळूहळू पुसट होत जाते.