हाडवैद्याचा मुलगा : डॉ. ह्यू ओवेन थॉमस

आमच्या गावात माझ्या आजोबांची ओळख हाडवैद्य अशीच होती. बाजाराच्या दिवशी आमच्या ओटीवर माणसे बसलेली असत. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचे मनगट मुरगळलेले, कुणाचे पोर आंब्यावरून पडलेले. आजोबा डोळे मिटून दुखऱ्या जागेवरून बोटे फिरवीत आणि हाड कुठे सरकले आहे ते ओळखत. मग बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या घेऊन हात बांधून टाकीत. पैसे कधी ठरवून घेतले नाहीत. कुणी नारळ ठेवी, कुणी पायलीभर तांदूळ.

मी लहान असताना एका मुलाचा कोपर त्यांनी बांधला. पट्टी घट्ट झाली. तिसऱ्या दिवशी त्या मुलाची बोटे काळीनिळी पडली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर हात कापावा लागला. त्या दिवसानंतर आजोबांनी कामट्यांची मोळी माळ्यावर टाकली ती कायमची. घरात मात्र या विषयावर दोन तट पडले. वडील म्हणत, हे सारे अडाणीपणाचे होते, बंद झाले ते बरे. आजी बरे झालेल्या माणसांची नावे मोजून दाखवी. दोघांपैकी खरे कोण, हे मला कधीच उमगले नाही.

गेल्या वर्षी वडिलांना मोटारसायकलचा अपघात झाला आणि मांडीचे हाड मोडले. ग्रामीण रुग्णालयात त्यांच्या पायाला एक विचित्र साधन बांधले गेले. मांडीच्या मुळाशी कातड्याने मढवलेले एक लोखंडी कडे, त्या कड्यापासून पायाच्या दोन्ही बाजूंनी तळव्यापलीकडे गेलेल्या दोन सळया, आणि त्या सळयांच्या टोकाला ताणून बांधलेला पाय. मी नाव विचारले. ती थॉमस स्प्लिंट होती. हा थॉमस कोण, या कुतूहलाने मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोध घेऊ लागले, आणि जे चरित्र हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही कथा सुरू होते ती एका फुटलेल्या गलबतापासून. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे आणि त्याला लागून अँगलसी नावाचे बेट आहे. १७४५ च्या सुमारास या बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि एक मुलगा तेथील लोकांच्या हाती लागला, असे सांगतात. त्याला ना इंग्रजी येत होते, ना वेल्श. तो कुठला, कुणाचा, हे कुणालाच कळेना. एका कुटुंबाने त्याला आपले म्हटले आणि इव्हान थॉमस हे नाव दिले. हा मुलगा कोंबड्यांची, मेंढरांची मोडलेली हाडे बसवू लागला आणि पुढे माणसांचीही. त्याची ही विद्या घराण्यात उतरली. कोणत्याही पाठशाळेत न शिकवली जाणारी, बापाच्या बोटांतून मुलाच्या बोटांत जाणारी ही विद्या! वाचताना मला आमची ओटी आठवल्यावाचून राहिली नाही.

याच घराण्यातला, त्याच नावाचा एक वंशज लिव्हरपूल या बंदराच्या शहरी येऊन हाडवैद्यकी करू लागला. गोदीतले हमाल, जहाज बांधणारे कामगार, खलाशी यांची त्याच्या दाराशी रीघ लागे. पण तो काळ बदलत होता. पदवीधर डॉक्टरांना हा बिनपदवीचा माणूस डोळ्यांत सलू लागला. त्याला वारंवार कोर्टाची पायरी चढावी लागली. या जाचातून त्या हाडवैद्याने जो धडा घेतला तो मला फार मोलाचा वाटतो. तो डॉक्टरांना शिव्या देत बसला नाही. त्याने आपल्या पाचही मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले, आणि पाचही डॉक्टर झाले. आपल्या बोटांत जे आहे ते पुरेसे नाही, हे ओळखण्यास मोठे मन लागते.

या पाचांतील थोरला तो ह्यू ओवेन थॉमस. जन्म २३ ऑगस्ट १८३४, अँगलसी येथे. प्रकृतीने लहानपणापासून नाजूक. वेल्समध्ये डॉक्टरकी करणाऱ्या मामाकडे त्यांनी चार वर्षे उमेदवारी केली, मग एडिंबरो आणि लंडन येथे शिक्षण घेतले, आणि १८५७ साली शल्यवैद्याची पात्रता मिळवली. काही काळ ते वडिलांबरोबर काम करू लागले खरे, पण दोघांचे पटेना. एक अनुभवाने शिकलेला, दुसरा पुस्तकाने. शिवाय दोघेही हट्टी. १८५९ च्या सुमारास मुलाने आपला संसार आणि आपला दवाखाना वेगळा थाटला.

आता गंमत पाहा. वडिलांच्या घरी ते पुस्तकी डॉक्टर ठरले, आणि डॉक्टरांच्या जगात हाडवैद्याचे पोर! कोणत्याही मोठ्या रुग्णालयात त्यांनी पद भूषवले नाही. त्यांचे कार्यक्षेत्र म्हणजे लिव्हरपूलच्या गरीब वस्तीजवळचे नेल्सन स्ट्रीटवरचे ११ नंबरचे घर. तेथेच त्यांचा दवाखाना आणि तेथेच त्यांचा कारखाना. होय, कारखानाच! त्यांच्या पदरी एक लोहार होता आणि एक चामड्याचे काम करणारा कारागीर होता. रोग्याचे माप घ्यावे, लोखंड तापवावे, वाकवावे, कातडे शिवावे, आणि त्या एका रोग्याच्या त्या एका पायासाठी साधन तयार करावे, असा तेथला शिरस्ता होता.

माणूस दिसायलाही चमत्कारिक होता. ठेंगणा, कृश, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, तोंडात बहुधा सिगारेट. लहानपणी डोळ्याला दुखापत झाली होती, म्हणून त्या डोळ्यावर झुकलेली खलाशांसारखी टोपी. पहाटे उठून ते आपल्या लाल रंगाच्या घोडागाडीतून रोग्यांच्या घरी जात. आठवडाभर काम करून रविवारी, जेव्हा सारे गाव विश्रांती घेई, तेव्हा यांच्या दाराशी सर्वांत मोठी गर्दी. कारण रविवारी थॉमस गरिबांना एक पैसाही न घेता तपासत.

त्यांचे सारे तत्त्वज्ञान एका शब्दात सांगायचे तर तो शब्द म्हणजे विश्रांती. हे ऐकायला फार साधे वाटते. पण तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. त्या काळी हाडांचा आणि सांध्यांचा क्षय घरोघरी असे. गुडघा किंवा खुबा सुजे, वाकडा होई, पू वाहू लागे. अनेक शल्यवैद्य अशा सांध्याचा रोगट भाग कापून काढीत, किंवा सारा पायच तोडीत. थॉमस यांचे म्हणणे असे की, शरीराला स्वतःला बरे करण्याची शक्ती आहे. वैद्याचे काम तिच्या वाटेतले अडथळे दूर करण्याचे. दुखावलेला सांधा हलत राहिला तर ती शक्ती वाया जाते. म्हणून विश्रांती द्यायची ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ. दोन दिवस बांधले आणि तिसऱ्या दिवशी सोडून पाहिले, असे नाही. महिने लागले तर महिने. १८७५ साली खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी ही भूमिका मांडली. खुबा वाकडा झाला आहे की नाही हे तपासण्याची त्यांची रीत आजही वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याच नावाने शिकतात.

ज्या स्प्लिंटमुळे मी या चरित्राकडे वळले ती मुळात गुडघ्याच्या रोगासाठी केलेली होती. तिची करामत अशी. मांडीचे हाड मोडले की भोवतीचे बळकट स्नायू आखडतात आणि मोडलेली टोके एकमेकांवर चढवतात. पाय आखूड होतो. तीक्ष्ण टोके आतले मांस आणि रक्तवाहिन्या फाडीत राहतात, आणि बाहेर थेंबही न दिसता मांडीच्या आत लिटरभर किंवा त्याहूनही अधिक रक्त साठू शकते. थॉमस स्प्लिंटचे कडे वर बैठकीच्या हाडाला टेकते, आणि पाऊल खाली सळयांच्या टोकाकडे ताणून बांधलेले असते. दोन्हीकडून ताण बसल्यामुळे हाडाची टोके सरळ रेषेत येतात आणि स्थिर राहतात. आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. या साधनात पाय आवळलेला नसतो. तो दोन सळयांच्या मधे कापडी झोळीवर मोकळा असतो, बोटे उघडी असतात, त्यांचा रंग दिसतो. हे वाचताना आजोबांनी बांधलेला तो कोपर माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

जे हाड महिनोन् महिने जुळत नसे त्याच्यासाठीही त्यांनी उपाय काढला होता. मोडलेल्या जागेवर ते हलके आघात करीत आणि तिच्या आसपास रबरी पट्टा बांधून तेथे रक्त साठेल अशी व्यवस्था करीत. हाड रक्तावर पोसते, हे त्यांनी हाताने आणि डोळ्यांनी ओळखले होते.

इतके असूनही हयातीत त्यांना लौकिक मिळाला तो लिव्हरपूलच्या गोरगरिबांत. वैद्यकीय जगाने त्यांच्याकडे बहुतांशी पाठ फिरवली. याला ते स्वतःही काही अंशी कारण होते. स्वभाव तापट, लेखणी त्याहून तिखट. विरोधकांवर ते तुटून पडत. ग्रंथ स्वतःच छापून घेत, आणि त्यांची मांडणी इतकी विस्कळीत की वाचणारा कंटाळावा. थोर माणसांचे दोष झाकू नयेत, म्हणून हेही नमूद करते.

सुदैवाने त्यांना एक शिष्य मिळाला. थॉमस यांना मूल नव्हते. त्यांच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स १८७३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहायला आला आणि पुढे त्यांचा सहकारी झाला. मामा जितके उग्र तितका भाचा सौम्य. थॉमस ६ जानेवारी १८९१ रोजी न्यूमोनियाने वारले. वय अवघे ५६. त्यांच्या अंत्ययात्रेला लिव्हरपूलचे हजारो कष्टकरी लोक रस्त्यांवर लोटले होते.

तेवीस वर्षांनी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. गोळी लागून मांडीचे हाड मोडलेले सैनिक खंदकातून रुग्णालयापर्यंत नेता नेताच दगावत. युद्धाच्या आरंभी अशा जखमींपैकी ८० टक्के मरत, असा त्या काळचा अंदाज सांगितला जातो. रॉबर्ट जोन्स तेव्हा ब्रिटिश सैन्यात अस्थिशल्यचिकित्सेची धुरा वाहत होते. त्यांनी मामांच्या स्प्लिंटचा आग्रह धरला. स्ट्रेचर वाहणाऱ्या शिपायांना ती अंधारातही बांधता यावी म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून सराव देण्यात आला. १९१७ साली अरासच्या लढाईत अशा जखमींतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. याचे श्रेय एकट्या स्प्लिंटला देता येणार नाही. जखमा धुण्याच्या नव्या पद्धती होत्या, पुढच्या फळीत शस्त्रक्रियेची सोयही वाढली होती. तथापि, नेल्सन स्ट्रीटवरच्या लोहाराने वाकवलेल्या त्या कड्याचा वाटा त्यात फार मोठा होता, यात संशय नाही.

थॉमस यांचे सारेच म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले असे मात्र नाही. क्षयावर आज औषधे आहेत. मांडीच्या हाडात आता सळई घालतात आणि रोग्याला लवकर चालते करतात. महिनोन् महिने अंथरुणाला खिळवून ठेवणे हितकर मानले जात नाही. त्यांची स्प्लिंट आज मुख्यतः शस्त्रक्रिया होईपर्यंतचा आधार म्हणून उरली आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत तसेच झाले. चार दिवसांनी शहरात शस्त्रक्रिया झाली, आणि आज ते काठीवाचून चालतात. पण ते चार दिवस आणि तो खड्ड्यांचा रस्ता त्यांनी थॉमस यांच्या आधाराने पार केला.

घरातल्या दोन तटांपैकी खरे कोण, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या चरित्राने दिले. बोटांची विद्या खोटी नव्हती; तिला तपासून पाहणारे, तिच्या चुका दाखवणारे शास्त्र तिच्या शेजारी नव्हते, एवढेच. लिव्हरपूलच्या त्या हाडवैद्याच्या मुलात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून असंख्य पाय वाचले.

वडील ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा आजोबा त्यांना पाहायला आले होते. काही न बोलता त्यांनी त्या लोखंडी कड्यावरून डोळे मिटून बोटे फिरवली होती. पुढे सुट्टीत घरी गेल्यावर मी त्यांना ही सारी हकिकत सांगितली. तो जहाजातून वाचलेला मुलगा, तो कोर्टात ओढला गेलेला हाडवैद्य, त्याने शिकवलेली पाच मुले. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी ज्याचा हात गेला त्या मुलाचे नाव घेतले आणि तो आता कुठे असतो, काय करतो, हे वडिलांना विचारले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी प्रथमच ऐकत होते.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)