फ्रिडा काहलो : अपघाताने अंथरुणाला खिळवलं, तिथेच घडली जगप्रसिद्ध चित्रकार

१७ सप्टेंबर १९२५. मेक्सिको सिटीत बस आणि ट्रामची धडक झाली. बसमधल्या १८ वर्षांच्या फ्रिडा काहलोचा पाठीचा कणा, कंबरेचं हाड आणि उजवा पाय मोडला. डॉक्टर होण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

अंथरुणाला खिळलेल्या लेकीसाठी आईने झोपून चित्र काढता येईल असा खास स्टँड बनवून घेतला, वर आरसा लावला. आरशातला स्वतःचा चेहराच फ्रिडाचा विषय झाला. वेदना आयुष्यभर राहिल्या. त्या न लपवता तिने चित्रांत उतरवल्या.

१९५३ मध्ये मेक्सिकोतल्या पहिल्या एकल प्रदर्शनाला ती रुग्णवाहिकेतून पोहोचली आणि पलंगावर पडूनच पाहुण्यांना भेटली. पुढच्याच वर्षी तिचं निधन झालं. शरीराने साथ सोडली, तरी हातातला ब्रश तिने सोडला नव्हता.