रमाकांत कुलकर्णी

रमाकांत कुलकर्णी हे भारतीय पोलीस सेवेतील महाराष्ट्राचे दिवंगत अधिकारी होते. मुंबईतील रामन राघव प्रकरण आणि परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांड यांच्या तपासासाठी ते ओळखले जातात. ते राज्याचे पोलीस महासंचालकही होते.

रामन राघव प्रकरण

इ.स. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या गोरगरिबांच्या हत्या होऊ लागल्या, तेव्हा शहराच्या गुन्हे शाखेची जबाबदारी कुलकर्णी यांच्याकडे होती. गुन्ह्याच्या स्वरूपावरून अज्ञात गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधणे, म्हणजेच गुन्हेगाराचे मानसशास्त्रीय चित्रण, ही पद्धत तेव्हा प्रचलित नव्हती. अमेरिकेच्या एफबीआयचा वर्तनशास्त्र विभाग १९७२ मध्ये स्थापन झाला. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी छायाचित्र व वर्णनावरून रामन राघवला ओळखून ताब्यात घेतले. जुन्या नोंदीतील बोटांच्या ठशांनी त्याची ओळख पक्की झाली. त्याच्या मनाचा शास्त्रीय अभ्यास अटकेनंतर झाला. उच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने तो दीर्घकालीन छिन्नमनस्कतेने ग्रस्त असल्याचे सांगितले व १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. मानसशास्त्राचा उपयोग येथे गुन्हेगार शोधण्यासाठी नव्हे, तर शिक्षा ठरवण्यासाठी झाला.

मानवत हत्याकांड

सेलू तालुक्यातील वालूर ज्या परिसरात आहे, त्याच परिसरातील मानवत येथे १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा हत्या झाल्या. बळी पडलेल्या सर्व स्त्रिया व बालिका होत्या. या साम्यामुळे तपासाची दिशा नरबळीकडे वळली. गुप्तधन व अपत्यप्राप्तीची लालसा हे हेतू पुढे आले. परंतु हेतूचा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. खटल्याची मदार मुख्यत्वे माफीच्या साक्षीदारांवर राहिली. अशा साक्षीला महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र पुराव्याचा आधार आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात स्पष्ट केले. गुन्ह्याच्या धाटणीवरून संशयाची कक्षा आखता येते. मात्र आरोपीच्या जिवाचा प्रश्न असताना दोष त्यावर ठरत नाही, हे या खटल्यातून दिसून येते.

लेखन व प्रभाव

कुलकर्णी यांनी आपले तपासानुभव ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या इंग्रजी पुस्तकात मांडले. त्यावर आधारित ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका २०२४ मध्ये प्रदर्शित झाली. तीत कुलकर्णी यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली.