तुघलकाबादच्या नेमबाजी मैदानाला ज्यांचे नाव लाभले : डॉ. करणीसिंह

नवी दिल्ली : राजधानीच्या दक्षिण टोकाला, अरवलीच्या खडकाळ टेकड्यांच्या कुशीत आणि तुघलकाबादच्या जुन्या किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या परिसरात देशातील एक प्रमुख नेमबाजी संकुल उभे आहे. राष्ट्रीय निवड चाचण्यांसाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून येणारी मुले-मुली प्रवेशद्वारावरील डॉ. करणीसिंह यांचे नाव रोज वाचतात. त्यातील ‘सिंह’ राजस्थानच्या एका राजघराण्यातून आला, तर ‘डॉ.’ ही उपाधी मुंबई विद्यापीठाने दिली. या दोन टोकांच्या मधल्या काळात त्या माणसाने जे आयुष्य घालवले, ते भारतीय नेमबाजीच्या इतिहासाचे एक संपूर्ण पर्व आहे. राजवाड्याच्या आवारात वाढलेला हा खेळ सार्वजनिक मैदानावर कसा आला, याची कहाणीही त्याच आयुष्यात दडलेली आहे.

करणीसिंह यांचा जन्म २१ एप्रिल १९२४ रोजी बिकानेर येथे झाला. त्यांचे आजोबा महाराजा गंगासिंह हे ब्रिटिश अमदानीतील अत्यंत प्रभावी संस्थानिकांपैकी एक होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहावर भारताच्या वतीने स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. सतलजचे पाणी वाळवंटात आणणारा गंग कालवा १९२७ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत वाहू लागला. बिकानेरजवळील गजनेरच्या तलावावर त्यांनी भरवलेल्या भटतितराच्या शिकारी त्या काळी देशोदेशी गाजल्या होत्या. व्हाइसरॉयपासून युरोपातील राजपुत्रांपर्यंत अनेक पाहुणे तेथे बंदूक घेऊन येत. नातवाच्या बालपणाला बंदुकीची ओळख झाली ती या वातावरणात. नेमबाजी तेव्हा खेळ नव्हता. ती संस्थानी प्रतिष्ठेची खूण होती आणि तिचे लक्ष्य जिवंत पक्षी हेच होते.

तरुण करणीसिंह यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजोबांसमवेत मध्यपूर्वेतील आघाडीचा अनुभव घेतला. शिक्षणासाठी ते प्रथम दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दाखल झाले. इतिहास आणि राज्यशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९४४ मध्ये डुंगरपूरच्या राजकन्या सुशीलाकुमारी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मुंबईच्या क्रिकेटविश्वात आणि क्रिकेट नियामक मंडळात नाव कमावलेले राजसिंह डुंगरपूर हे त्यांचे मेहुणे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांचे वडील महाराजा सादूलसिंह यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये भारतात सामील होण्याच्या करारावर स्वाक्षरी केली. १९४९ मध्ये बिकानेर संस्थान राजस्थानात विलीन झाले. पुढच्याच वर्षी सादूलसिंह यांचे निधन झाले आणि २६ वर्षांचे करणीसिंह गादीवर आले. त्या गादीला आता राज्य उरले नव्हते. पदवी होती, तनखा होता, लालगड राजवाडा होता. सत्ता मात्र मतपेटीत गेली होती.

करणीसिंह यांनी ती वस्तुस्थिती लवकर ओळखली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते बिकानेरमधून अपक्ष उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि १९७७ पर्यंत सलग पाच वेळा त्यांनी या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. पाव शतक कोणत्याही पक्षाच्या आधाराविना लोकसभेत टिकून राहणे ही त्या काळीही दुर्मीळ गोष्ट होती. राजस्थानी भाषेला घटनात्मक मान्यता मिळावी, ही मागणी त्यांनी सातत्याने मांडली. संसदीय कामाच्या जोडीला त्यांचे संशोधनही चालू होते. बिकानेर राजघराणे आणि केंद्रीय सत्ता यांच्या १४६५ ते १९४९ या कालखंडातील संबंधांवरील प्रबंधासाठी १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. आपल्याच घराण्याच्या सत्तेचा उदय आणि शेवट एका अभ्यासकाच्या नजरेने तपासणारे संस्थानिक फार थोडे झाले.

तथापि देशाला त्यांचे नाव परिचित झाले ते प्रामुख्याने ट्रॅप या नेमबाजी प्रकारामुळे. या प्रकारात नेमबाजाच्या १५ मीटर पुढे जमिनीत खंदक असतो. खंदकातील १५ यंत्रांपैकी कोणत्या यंत्रातून तबकडी उडणार, हे नेमबाजाला ठाऊक नसते. त्याने हाक देताच ११० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची ठिसूळ तबकडी डावीकडे, उजवीकडे किंवा समोर झेपावते. निर्णय, हालचाल आणि चाप या तिन्ही गोष्टी एका सेकंदाच्या आत घडाव्या लागतात. जिवंत पक्ष्यांच्या शिकारीतून जन्मलेल्या या खेळाने पक्ष्याच्या जागी तबकडी आणली. गजनेरच्या परंपरेत वाढलेल्या करणीसिंह यांच्या आयुष्यातही नेमके हेच स्थित्यंतर घडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशातील शिकारीचे युग संपवले, तेव्हा ते बऱ्याच आधीपासून तबकड्यांवर नेम धरून जगभर फिरत होते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी ट्रॅपमध्ये आठवे स्थान मिळवले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कारांना प्रारंभ झाला आणि पहिल्याच वर्षी नेमबाजीतील पुरस्कार त्यांना मिळाला. १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले. त्यानंतर टोकियो, मेक्सिको आणि म्युनिक ही ऑलिंपिक झाली. १९७६ चे मॉन्ट्रियल हुकले, पण १९८० मध्ये मॉस्कोला ते पुन्हा भारतीय संघात होते. तोवर त्यांचे वय ५६ झाले होते. पाच ऑलिंपिकमध्ये भाग घेणारे ते पहिले भारतीय ठरले. १९७४ च्या तेहरान आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांना ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळाले. ट्रॅप आणि स्कीट या दोन्ही प्रकारांत मिळून ते १७ वेळा राष्ट्रीय विजेते होते. त्यांच्या कन्या राज्यश्रीकुमारी यांनाही १९६८ मध्ये नेमबाजीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. रोम ते मॉस्को या प्रवासातील आठवणी त्यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिल्या.

या यशोगाथेला दुसरी बाजूही आहे. ट्रॅपच्या सरावात रोज शेकडो काडतुसे खर्च होतात आणि तितक्याच तबकड्या फुटतात. बंदूक परदेशी, काडतुसे परदेशी, त्यांच्या आयातीवर निर्बंध आणि परवान्यांची लांबलचक वाट अशी तेव्हाची स्थिती होती. सर्वसामान्य घरातील मुलाला हा खेळ खेळायचा झाला तर त्याने जायचे कोठे, या प्रश्नाला बहुतांश राज्यांत उत्तर नव्हते. लष्कर, पोलीस दले आणि मोजके रायफल क्लब सोडले तर मैदानेच नव्हती. त्यामुळे त्या पिढीच्या ट्रॅप नेमबाजांच्या यादीत राजघराण्यांतील नावे वारंवार दिसतात. करणीसिंह यांच्या कौशल्याविषयी शंका नाही. मात्र ते कौशल्य फुलू शकले ते साधनांची अडचण नसलेल्या घरात, हेही तितकेच खरे आहे.

त्या घराची स्थितीही बदलत होती. १९७१ च्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द केल्या. बिकानेरचे शेवटचे अधिकृत महाराज त्या दिवशी कायद्याने सामान्य नागरिक झाले. पुढच्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकमध्ये करणीसिंह उतरले ते नागरिक करणीसिंह म्हणून. लालगड राजवाड्याचा एक भाग याच सुमारास हॉटेलसाठी खुला झाला. पदवी गेल्यानंतरही त्यांनी खेळ सोडला नाही. तेहरानचे पदक त्यानंतरचेच आहे.

१९८२ च्या नवव्या आशियाई क्रीडा स्पर्धेचे यजमानपद दिल्लीकडे आले आणि राजधानीचा चेहरा बदलला. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थ स्टेडियम, उड्डाणपूल, रंगीत दूरचित्रवाणी या सगळ्यांबरोबर तुघलकाबाद येथे नेमबाजीचे मैदानही उभे राहिले. जागेची निवड विचारपूर्वक होती. नेमबाजीला मोकळा पट्टा लागतो, गोळी अडवणारा नैसर्गिक उंचवटा लागतो आणि वस्तीपासून अंतर लागते. टेकड्यांच्या या भागात तिन्ही गोष्टी होत्या. त्या वर्षी ५८ वर्षांचे करणीसिंह भारतीय ट्रॅप संघातून याच मैदानावर उतरले आणि संघाने सांघिक रौप्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय पातळीवरील त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे ते अखेरचे मोठे पदक. ज्या मैदानाला पुढे आपले नाव मिळणार आहे, त्याच मैदानावर पदक मिळवण्याचे भाग्य क्रीडाविश्वात क्वचितच कोणाच्या वाट्याला येते.

सप्टेंबर १९८८ मध्ये वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तुघलकाबादच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. पण मैदाने नावांवर जगत नाहीत. १९८२ ची रचना त्या काळच्या तंत्रानुसार होती. रायफल आणि पिस्तूल नेमबाज कागदी लक्ष्यावर गोळी झाडत. प्रत्येक फेरीनंतर कागद उतरवून, छिद्राचे मापन करून गुण दिले जात. दरम्यान जगात इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांचा वापर रूढ झाला. गोळी लक्ष्यातून जाताना निर्माण होणारी ध्वनिलहर निरनिराळ्या कोपऱ्यांतील संवेदकांपर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. त्या सूक्ष्म फरकावरून संगणक गोळीचे नेमके स्थान काढतो आणि नेमबाजासमोरील पडद्यावर गुण तत्काळ उमटतात. कागदावर सराव केलेला नेमबाज परदेशात पडद्यासमोर उभा राहिला की त्याची लय बिघडे. पदक दशांश गुणाने निसटते अशा खेळात ही लहान गोष्ट नव्हती.

२०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेने या दुरवस्थेचा प्रश्न ऐरणीवर आणला. डागडुजीने भागणार नव्हते. त्यामुळे संकुलाची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. सुमारे १५० कोटी रुपये खर्चून नव्या रूपात सिद्ध झालेल्या संकुलाचे उद्घाटन ३१ जानेवारी २०१० रोजी तत्कालीन केंद्रीय क्रीडामंत्री मनोहरसिंह गिल यांच्या हस्ते झाले. १० मीटर प्रकारासाठी वातानुकूलित बंदिस्त दालन, २५ आणि ५० मीटरसाठी स्वतंत्र पट्टे, अंतिम फेरीसाठी प्रेक्षकांची सोय असलेली वेगळी जागा, इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आणि ट्रॅप-स्कीटची नवी मैदाने अशी ही रचना होती.

जुन्या मैदानाचे आधुनिकीकरण नव्या मैदानाच्या उभारणीपेक्षा अनेकदा अवघड असते. दिशा बदलता येत नाही. उत्तर गोलार्धात ट्रॅपचे मैदान उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे तोंड करून असावे लागते, अन्यथा सूर्य नेमबाजाच्या डोळ्यांवर येतो. गोळी मैदानाबाहेर जाऊ नये म्हणून संरक्षक भिंती आणि छतालगतचे आडवे अडसर नव्या मानकांनुसार बांधावे लागतात. प्रकाश लक्ष्यावर पुरेसा हवा, पण नेमबाजाला चमक जाणवता कामा नये. तुघलकाबादेत हे सारे त्याच जागेत साधायचे होते, तेही ठरलेल्या मुदतीत.

त्याचे फळ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिसले. दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय नेमबाजांनी १४ सुवर्णपदकांसह ३० पदके मिळवली. एकट्या गगन नारंग यांच्या नावावर चार सुवर्णपदके होती. त्यानंतर या संकुलात विश्वचषक स्पर्धा वारंवार झाल्या. २०१९ च्या विश्वचषकात अपूर्वी चंदेला हिने महिलांच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात २५२.९ गुणांचा विश्वविक्रम येथेच नोंदवला, तर किशोरवयीन सौरभ चौधरी याने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये २४५ गुणांची नवी नोंद केली. सौरभ हा मेरठ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा आहे.

करणीसिंह यांच्या वाट्याला ऑलिंपिक पदक आले नाही. भारताला नेमबाजीतील पहिले ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी २००४ उजाडावे लागले आणि ते मिळवणारे राज्यवर्धनसिंह राठोड लष्करी अधिकारी होते. २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्ण जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकून परतला. राजवाड्यापासून रेल्वेतील नोकरीपर्यंतचा हा विस्तार सार्वजनिक मैदानांशिवाय अशक्य होता.

म्हणूनच तुघलकाबादसारख्या संकुलाचा प्रश्न एका उद्घाटनाने सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांचे संवेदक झिजतात, तबकडी फेकणाऱ्या यंत्रांना नियमित देखभाल लागते, काडतुसांचा पुरवठा अखंड राहावा लागतो, वापरलेल्या शिशाची विल्हेवाट लावावी लागते. स्पर्धेच्या निमित्ताने झालेली गुंतवणूक स्पर्धेनंतरच्या सामान्य दिवशी सरावाला येणाऱ्या मुलाच्या उपयोगी पडते की नाही, हीच तिची खरी कसोटी आहे. बिकानेरच्या राजपुत्राला सरावासाठी कोणाच्या दारी जावे लागले नाही. ती सोय आज ज्यांच्या घरी नाही, त्यांच्यासाठी हे मैदान आहे.