जोसेफ पुलित्झर

जोसेफ पुलित्झर (१० एप्रिल, १८४७:माको, हंगेरी - २९ ऑक्टोबर, १९११:चार्ल्स्टन, साउथ कॅरोलायना, अमेरिका) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन संपादक, वृत्तपत्रमालक व राजकारणी होते. पुलित्झर पुरस्कार त्यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून दिले जातात. न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे पत्रकारिता महाविद्यालयही त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. पत्रकारितेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आज जगभर ओळखली जाणारी ही संस्था पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

सुरुवातीचे जीवन

पुलित्झर यांचे वडील ज्यू धर्मीय धान्यव्यापारी होते. १८५८ साली वडिलांचे निधन झाल्यावर कुटुंबाचा व्यवसाय बुडाला. सैन्यात भरती होण्याचा जोसेफ यांचा प्रयत्न अधू दृष्टी व नाजूक प्रकृतीमुळे फसला. अखेर अमेरिकन यादवी युद्धासाठी युरोपात सैनिक मिळवणाऱ्या दलालांमार्फत ते १८६४ साली अमेरिकेत पोहोचले आणि त्यांनी उत्तरेच्या घोडदळात काही महिने काढले.

युद्ध संपल्यावर हाती पैसा नव्हता आणि इंग्रजीही धड येत नव्हते. सेंट लुईस शहरात जर्मन भाषकांची मोठी वस्ती असल्याने ते तिकडे गेले. तेथे त्यांनी खेचरांची देखभाल आणि उपाहारगृहातील वाढपी यांसारखी मिळतील ती कामे केली. उरलेला वेळ ते मर्कंटाइल ग्रंथालयात घालवत. तेथेच त्यांनी इंग्रजी व कायद्याचा अभ्यास केला आणि तेथेच वेस्टलिखे पोस्ट या जर्मन दैनिकाच्या चालकांशी त्यांची ओळख झाली. १८६८ साली ते या दैनिकाचे वार्ताहर झाले. पुढील वर्षी, वयाची अट पूर्ण होत नसतानाही, ते मिसूरी विधिमंडळावर निवडून आले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या नंतरच्या आग्रहाचे मूळ बहुधा येथेच असावे.

वृत्तपत्रे

१८७८ साली त्यांनी दिवाळखोरीत निघालेले सेंट लुईस डिस्पॅच हे वृत्तपत्र लिलावात २,५०० डॉलरना घेतले. लवकरच ते दुसऱ्या एका वृत्तपत्रात विलीन होऊन पोस्ट-डिस्पॅच सुरू झाले. शहरातील धनिकांच्या करचुकवेगिरीवरील लेखांमुळे या पत्राचा दबदबा वाढला.

१८८३ साली त्यांनी रेल्वेसम्राट जे गूल्ड यांच्याकडून न्यू यॉर्क वर्ल्ड हे तोट्यातील दैनिक ३,४६,००० डॉलरना विकत घेतले. ठळक मथळे, चित्रे, गुन्हेवृत्ते, गरीब वस्त्यांमधील हालअपेष्टांची वर्णने आणि सोपी भाषा यांमुळे स्थलांतरित कामगारवर्ग या पत्राकडे वळला व खप झपाट्याने वाढला. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसा अपुरा पडला तेव्हा वर्ल्डने १८८५ साली वाचकांना आवाहन केले. त्यातून सुमारे पाच महिन्यांत एक लाखाहून अधिक डॉलर जमले. देणगीदारांपैकी बहुतेकांनी एक डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम दिली होती आणि प्रत्येकाचे नाव वर्ल्डने छापले.

१८९५ नंतर विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या जर्नल या पत्राशी वर्ल्डची स्पर्धा जुंपली. या स्पर्धेतून पीत पत्रकारिता हा शब्दप्रयोग रूढ झाला. क्यूबातील घडामोडींची दोन्ही पत्रांनी दिलेली भडक, काही वेळा निराधार वृत्ते हा पुलित्झर यांच्या कारकिर्दीवरील सर्वांत मोठा डाग होय. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर वर्ल्डने हा मार्ग हळूहळू सोडला.

दृष्टी जवळजवळ गेल्याने १८९० साली त्यांनी संपादकपद सोडले होते. लहानसा आवाजही त्यांना असह्य होई. त्यामुळे त्यांचा बराच काळ ध्वनिरोधक खोल्यांत व लिबर्टी या नौकेवर गेला. सचिव त्यांना वृत्तपत्रे वाचून दाखवत आणि संपादकांना सूचनांचे तारांवर तारा जात.

पत्रकारिता महाविद्यालय

पत्रकारितेचे शिक्षण देण्याचा प्रस्ताव पुलित्झर यांनी १८९२ साली कोलंबियापुढे मांडला, तेव्हा विद्यापीठाने तो नाकारला. पत्रकार जन्मावा लागतो, फार तर वृत्तपत्राच्या कचेरीत घडतो, असे त्या काळचे बहुसंख्य संपादक मानत. भडक वृत्तांवर श्रीमंत झालेल्या मालकाचा पैसा घेण्याचा संकोचही प्रतिष्ठित विद्यापीठाला असणे स्वाभाविक होते. १९०३ साली निकोलस मरे बटलर अध्यक्ष असताना २० लाख डॉलरच्या देणगीचा करार झाला. टीकाकारांना उत्तर देणारा दीर्घ लेख पुलित्झर यांनी १९०४ साली नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यूमध्ये लिहिला. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, आधुनिक भाषा आणि मुख्यतः नीती हे विषय शिकवावेत, जाहिरात व विक्रीचे तंत्र मात्र अभ्यासक्रमात नसावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः अत्यंत यशस्वी व्यापारी असलेल्या मालकाची ही अट लक्षणीय आहे.

सल्लागार मंडळावर इतर विद्यापीठांचे अध्यक्ष घ्यावेत की नाही, यावरून बटलर यांच्याशी त्यांचे बिनसले. अखेर महाविद्यालय आपल्या मृत्यूनंतरच उघडावे, असे त्यांनी ठरवले. दरम्यान १९०८ साली मिसूरी विद्यापीठाने स्वतःचे पत्रकारिता विद्यालय सुरू केले. ज्या राज्यात पुलित्झर पत्रकार झाले, तेथीलच कोलंबिया नावाच्या गावात ते आहे. त्यामुळे या दोन संस्थांची अनेकदा गल्लत होते.

मृत्यू व त्यानंतर

२९ ऑक्टोबर, १९११ रोजी चार्ल्स्टन बंदरात लिबर्टी नौकेवर पुलित्झर यांचा मृत्यू झाला. ३० सप्टेंबर, १९१२ रोजी महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. पहिल्या तुकडीत काही स्त्रियाही होत्या. पहिले पुलित्झर पुरस्कार १९१७ साली देण्यात आले.

सुरुवातीस येथे प्रामुख्याने पदवीचे शिक्षण मिळे. १९३५ साली अधिष्ठाता कार्ल अ‍ॅकरमन यांच्या काळात ते बंद करून केवळ पदव्युत्तर अभ्यासक्रम ठेवण्यात आला. आधी एखाद्या विषयात पदवी घ्यावी आणि मग एक वर्ष प्रत्यक्ष वार्तांकन करत पत्रकारिता शिकावी, अशी त्याची रचना होती. २०१० साली येथे डिजिटल पत्रकारितेसाठी टो केंद्राची स्थापना झाली. त्याच वर्षी पत्रकारिता व संगणकशास्त्र या दोन विषयांची संयुक्त पदव्युत्तर पदवीही जाहीर करण्यात आली.