विश्लेषण : अमेरिकेशी युद्धाला विरोध, तरी पर्ल हार्बरचा आराखडा त्यांचाच... कोण होते अ‍ॅडमिरल यामामोतो?

७ डिसेंबर १९४१ रोजी, रविवारी सकाळी जपानी विमानांनी हवाई बेटांवरील पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. या हल्ल्याची कल्पना आणि आग्रह अ‍ॅडमिरल इसोरोकू यामामोतो यांचा. मात्र अमेरिकेपुढे जपानचा निभाव लागणार नाही, असे सांगणाऱ्या मोजक्या जपानी अधिकाऱ्यांतही त्यांचेच नाव पुढे होते. त्या मतापायी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. युद्ध नको म्हणणाऱ्यानेच युद्धाचा पहिला घाव कसा घातला?

नावाचा अर्थ छप्पन्न!

यामामोतो यांचा जन्म ४ एप्रिल १८८४ रोजी जपानच्या निगाता प्रांतातील नागाओका या गावी झाला. मूळ आडनाव ताकानो. वडील सामुराई घराण्यातले. मुलगा झाला तेव्हा त्यांचे वय ५६ होते, म्हणून त्यांनी मुलाचे नावच इसोरोकू, म्हणजे छप्पन्न, असे ठेवले. १८६८ च्या यादवी युद्धात नागाओका सम्राटाच्या फौजांविरुद्ध लढले आणि हरले होते. पराभूतांच्या गावातील, बेताच्या परिस्थितीतील हा मुलगा पुढे त्याच सम्राटाच्या नौदलात शिरला.

१९०४ मध्ये नौदल अकादमीतून बाहेर पडल्यावर वर्षभरातच त्यांनी रशियाविरुद्धची त्सुशिमाची लढाई पाहिली. ‘निश्शिन’ या क्रूझरवर असताना झालेल्या स्फोटात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली. १९१६ मध्ये वारस नसलेल्या यामामोतो या नागाओकातीलच सामुराई घराण्याने त्यांना दत्तक घेतले आणि आडनाव बदलले. वंश टिकवण्यासाठी दत्तक घेण्याची ही रीत मराठी वाचकाला नवी वाटू नये.

अमेरिकेत त्यांनी काय पाहिले?

१९१९ ते १९२१ या काळात यामामोतो हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी शिकायला होते. मात्र त्यांचा खरा अभ्यास वर्गाबाहेर चालला. तेल कुठून येते, किती येते, ते कसे काढतात याचा त्यांनी ध्यास घेतला आणि तुटपुंज्या पैशांत मेक्सिकोतील तेलक्षेत्रांपर्यंत भटकंती केली. पुढे १९२६ ते १९२८ दरम्यान ते वॉशिंग्टनमधील जपानी दूतावासात नौदल प्रतिनिधी होते. अमेरिकेतील मोटारींचे कारखाने आणि तेलविहिरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस जपानी नौदलात तेव्हा विरळाच.

दारू ते जवळपास घेत नसत, पण जुगाराचे वेड जबरदस्त. पोकर, ब्रिज, जपानी बुद्धिबळ शोगी, काहीही चाले. त्यांच्या युद्धनीतीला अनेक जण जुगाऱ्याची चाल म्हणतात, ते इथूनच.

दोन अमेरिकावाऱ्यांच्या मधल्या काळात, १९२४ मध्ये, त्यांची नेमणूक कासुमिगौरा येथील नौदलाच्या विमान प्रशिक्षण केंद्रात झाली. तोफखान्यात मुरलेला हा अधिकारी तिथून विमानांचा झाला. पुढे ‘अकागी’ या विमानवाहू नौकेचे कप्तानपद आणि नौदलाच्या विमान विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. यापुढच्या लढाया मोठ्या तोफांच्या युद्धनौका जिंकून देणार नाहीत, असे त्यांचे मत बनले. ‘यामातो’सारख्या अजस्र युद्धनौका बांधायलाही त्यांचा विरोध होता. योगायोग असा, की पुढे त्याच ‘यामातो’वर त्यांचे मुख्यालय होते.

मग त्यांना मारायला कोण निघाले होते?

१९३६ मध्ये यामामोतो नौदल खात्याचे उपमंत्री झाले. जर्मनी आणि इटलीशी लष्करी करार करावा यासाठी जपानचे भूदल आणि कट्टर राष्ट्रवादी गट जोर लावत होते. नौदलमंत्री मित्सुमासा योनाई, शिगेयोशी इनोउए आणि यामामोतो या तिघांनी तो रोखून धरला. असा करार जपानला अमेरिका आणि ब्रिटनविरुद्धच्या युद्धात ओढेल, असा त्यांचा हिशेब. तेव्हाच्या जपानमध्ये न पटणाऱ्या मंत्र्यांचे खून पडत होते. यामामोतो यांच्या हत्येचे बेत शिजत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा ऑगस्ट १९३९ मध्ये योनाई यांनी त्यांना नौदलाच्या संयुक्त ताफ्याचे सरसेनापती म्हणून समुद्रावर धाडले. टोकियोपेक्षा युद्धनौका सुरक्षित होती!

वर्षभराने, सप्टेंबर १९४० मध्ये, तो करार झालाच. पंतप्रधान कोनोए यांनी विचारल्यावर यामामोतो यांनी सांगितले, की पहिले सहा महिने, फार तर वर्षभर आपण जोरात लढू, त्यापुढचा भरवसा देता येत नाही. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात घुसले आणि अमेरिकेने तेलपुरवठा बंद केला. जपान आपल्या गरजेचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेकडूनच घेत होता. साठा दिवसागणिक घटू लागला. आता नमते घेणे किंवा आग्नेय आशियातील डच तेलक्षेत्रे बळकावणे, एवढेच पर्याय उरले. टोकियोने दुसरा निवडला.

बारा मीटर पाण्यात पाणतीर

पर्ल हार्बरचा विचार यामामोतो यांच्या डोक्यात त्याआधीपासून होता. अमेरिकेचा पॅसिफिक ताफा शाबूत राहिला, तर दक्षिणेकडे निघालेल्या जपानी फौजांच्या बगलेत तो घुसणार. म्हणून पहिल्याच दिवशी तो पंगू करायचा. नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिटिशांच्या २१ जुनाट विमानांनी इटलीच्या टारांटो बंदरात उभ्या युद्धनौका पाणतिरांनी, म्हणजे टॉर्पेडोंनी, फोडल्या होत्या. कल्पना शक्य कोटीतील आहे, याचा तो दाखला. जानेवारी १९४१ मध्ये यामामोतो यांनी नौदलमंत्र्यांना पत्र लिहून योजना मांडली आणि तपशील आखण्याचे काम मिनोरू गेंडा या तरुण वैमानिकाकडे गेले.

अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही यातला पुढचा भाग मोह घालेल. विमानातून टाकलेला पाणतीर आधी खोल बुडी मारतो, मग वर येऊन सरळ धावतो. त्याला साधारण तीस मीटर तरी पाणी लागे. पर्ल हार्बरची खोली जेमतेम बारा मीटर. जपानी तंत्रज्ञांनी पाणतिराच्या शेपटीला लाकडी पंख जोडले. हवेत ते पाणतिराला स्थिर ठेवत आणि पाण्यावर आपटताच तुटून पडत. त्यामुळे बुडी उथळ झाली. कागोशिमाच्या आखातात वैमानिक महिनोन्महिने घरांच्या छपरांवरून खाली झेपावत सराव करत होते. युद्धनौकेच्या तोफगोळ्यांपासून ८०० किलोंचे चिलखतभेदी बॉम्बही तयार केले गेले. त्यातल्याच एकाने ‘अ‍ॅरिझोना’ उडवली. त्या एका जहाजावर १,१७७ जण मृत्युमुखी पडले.

राजीनाम्याची धमकी कशासाठी?

टोकियोतील नौदल मुख्यालयाला ही योजना मान्य नव्हती. सहाही मोठ्या विमानवाहू नौका एकाच डावावर लावणे त्यांना आततायीपणाचे वाटत होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये यामामोतो यांनी आपल्या अधिकाऱ्यामार्फत निरोप धाडला, की योजना नाकारली तर आपण पद सोडू. मुख्यालयाने मान तुकवली.

यामामोतो यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण त्यांना नाइलाजाने लढलेला शहाणा सेनापती ठरवून मोकळे होतात. हा निरोप त्या चित्रात नीट बसत नाही. युद्ध करायचे की नाही, हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते, हे खरे. पण राजीनामा हे त्यांचे सर्वात धारदार हत्यार होते आणि ते त्यांनी युद्ध थांबवण्यासाठी उपसले नाही, आपल्या आराखड्यासाठी उपसले. एकदा आदेश निघाला की तो सर्वोत्तम रीतीने पार पाडणे हेच कर्तव्य, असे ते मानत. पहिला घाव पुरेसा खोल बसला तर अमेरिका तडजोडीला येईल, ही आशाही होती. आकडे त्यांनी अचूक मांडले होते. अमेरिकी माणसाच्या संतापाचा हिशेब मात्र चुकला.

हल्ला यशस्वी झाला का?

त्या सकाळपुरता, हो. चुइची नागुमो यांच्या ताफ्यातून साडेतीनशेच्या आसपास विमाने दोन लाटांत आली. २,४०३ अमेरिकी मारले गेले. आठही युद्धनौकांना फटका बसला, त्यातील चार बुडाल्या. जपानने २९ विमाने आणि पाच छोट्या पाणबुड्या गमावल्या. परंतु अमेरिकेच्या विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या. तेलाच्या टाक्या, दुरुस्तीच्या गोद्या आणि पाणबुड्यांचा तळ शाबूत राहिला. बोलणी संपल्याचे जपानचे पत्र वॉशिंग्टनमध्ये हल्ल्यानंतर पोहोचले, त्यामुळे अमेरिकेच्या दृष्टीने हा विश्वासघात ठरला.

यामामोतो यांच्या नावावर झोपलेल्या राक्षसाला जागे केल्याची एक ओळ आजही समाजमाध्यमांवर फिरते. ती १९७० च्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ या चित्रपटातील आहे. त्यांनी असे लिहिल्याचा किंवा म्हटल्याचा पुरावा नाही. उलट, युद्धापूर्वी त्यांनी एका पत्रात खरोखरच सुनावले होते, की अमेरिकेला हरवायचे तर थेट व्हाइट हाऊसपर्यंत धडक मारावी लागेल आणि युद्धाची भाषा करणाऱ्या नेत्यांची तेवढी तयारी आहे का? जपानी प्रचारयंत्रणेने त्यातला शेवटचा प्रश्न कापून टाकला. अमेरिकेत ती यामामोतो यांची बढाई म्हणून गाजली. अर्धवट कापलेल्या क्लिपचा धंदा असा जुना आहे.

पुढचे सहा महिने जपानने खरेच मुसंडी मारली. नागुमो यांच्या विमानवाहू नौका एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात शिरल्या, त्यांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले. त्याच सुमारास दुसऱ्या जपानी तुकडीने बंगालच्या उपसागरात २० हून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले.

मिडवेत काय चुकले?

१८ एप्रिल १९४२ रोजी ‘हॉर्नेट’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या १६ अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी टोकियो आणि इतर शहरांवर हल्ला केला. नुकसान किरकोळ होते, नाचक्की मोठी. अमेरिकी विमानवाहू नौकांना मिडवे बेटाजवळ ओढून संपवायचे, ही यामामोतो यांची योजना मुख्यालयाला पटत नव्हती. तीही त्यांनी पद सोडण्याचे सूचित करून मंजूर करून घेतली होती. या हल्ल्यानंतर उरलासुरला विरोधही मावळला.

अमेरिकी नौदलाने जपानी संकेतलिपी बऱ्याच अंशी फोडली होती. ‘एएफ’ या ठिकाणावर हल्ला होणार, एवढे कळले होते. एएफ म्हणजे मिडवेच ना, हे ताडण्यासाठी मिडवेला समुद्राखालच्या केबलवरून गुप्त आदेश गेला, की गोड्या पाण्याचे यंत्र बिघडल्याचा संदेश रेडिओवर उघड द्या. लवकरच जपानी संदेशात एएफला पाण्याची टंचाई असल्याची नोंद सापडली.

४ जून १९४२ रोजी अमेरिकेच्या तीन विमानवाहू नौका दबा धरून होत्या. त्यातली ‘यॉर्कटाऊन’ महिन्यापूर्वी जबर जखमी झाली होती. पर्ल हार्बरच्या शाबूत राहिलेल्या गोदीतच ती सुमारे तीन दिवसांत डागडुजी करून निघाली होती. काही मिनिटांत ‘अकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ पेटल्या. सायंकाळी ‘हिर्यू’ही. अमेरिकेने ‘यॉर्कटाऊन’ गमावली. यामामोतो ‘यामातो’वर शेकडो किलोमीटर मागे होते, ताफा इतका विखुरलेला की मदतीला वेळेत पोहोचणे अशक्य. हा पराभव जपानी जनतेपासून लपवला गेला, जखमी खलाशांना रुग्णालयांत वेगळे ठेवले गेले.

ग्वाडलकनालच्या सहा महिन्यांच्या झटापटीत जपानचे कसलेले वैमानिक संपत गेले. तिकडे अमेरिकी कारखाने पूर्ण वेगाने चालू झाले. युद्ध संपेपर्यंत एकट्या ‘एसेक्स’ वर्गाच्या १७ विमानवाहू नौका त्यांच्या नौदलात दाखल झाल्या. यामामोतो यांनी विशीतिशीतल्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगितले होते ते हेच.

एक मिनीट आधी

एप्रिल १९४३ मध्ये यामामोतो न्यू ब्रिटन बेटावरील राबाउल येथे होते. आघाडीवरील सैनिकांचे मनोबल वाढवण्यासाठी बोगनव्हिल बेटाच्या परिसरातील तळांना भेट देण्याचे ठरले. दौऱ्याचे मिनिटा-मिनिटाचे वेळापत्रक रेडिओवरून धाडले गेले. दुसऱ्या दिवशी ते अमेरिकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर होते.

अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमिट्झ यांच्यापुढे दोन प्रश्न होते. यामामोतो यांच्या जागी त्यांच्यापेक्षा हुशार माणूस येईल का? आणि संकेतलिपी फुटल्याचा जपानला संशय येईल का? पहिल्याचे उत्तर नाही असे मिळाले. दुसऱ्यासाठी किनाऱ्यावरील टेहळ्यांनी विमाने पाहिल्याची कहाणी तयार ठेवण्यात आली.

१८ एप्रिलला मेजर जॉन मिशेल यांच्या नेतृत्वाखाली १६ पी-३८ लायटनिंग विमाने ग्वाडलकनालहून निघाली. रडार चुकवण्यासाठी लांबचा वळसा, लाटांना जवळपास चिकटून उड्डाण, खाली खुणेला जमीन नाही. मिशेल यांनी खास जहाजावरचे होकायंत्र विमानात बसवून घेतले होते. वेग, वारा आणि घड्याळ यांच्या हिशेबावर गाठ ९.३५ ला पडणार होती. विमाने एक मिनीट आधी पोहोचली. यामामोतो नेहमीप्रमाणे वेळेवर होते.

दोन बॉम्बफेकी विमाने, सोबत सहा झिरो लढाऊ विमाने. यामामोतो यांचे विमान बोगनव्हिलच्या जंगलात कोसळले, त्यातील कोणीही वाचले नाही. दुसरे समुद्रात पडले. यामामोतो ५९ वर्षांचे होते. त्यांचे विमान नेमके कोणी पाडले, यावर अमेरिकी वैमानिकांत पुढे कित्येक दशके वाद चालला.

जपानने ही बातमी २१ मेपर्यंत दाबून ठेवली. ‘मुसाशी’ या युद्धनौकेवरून अस्थी टोकियोत आल्या, ५ जून १९४३ रोजी सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. आपली संकेतलिपी फुटली आहे, हे जपानी नौदलाने तरीही मान्य केले नाही.

१ ऑगस्ट १९४५ च्या रात्री अमेरिकी बी-२९ विमानांनी नागाओका जाळले, सुमारे दीड हजार नागरिक मेले. आज तिथल्या यामामोतो संग्रहालयात त्यांच्या विमानाचा डावा पंख ठेवलेला आहे. २०१२ पासून नागाओका आणि होनोलुलू ही भगिनी शहरे आहेत. विमानाचा बाकीचा सांगाडा अजून बोगनव्हिलच्या जंगलातच आहे.